चौथा कमी आहे

१

गुरुवारी दुपारची जेवणं आटोपली की नेत्रा आपली कोरोला घेऊन खांबेट्यांच्या दारात जाऊन उभी राही. हॉर्न वाजवत नसे. हॉर्न म्हणजे तिला कुणावर तरी वसकन ओरडल्यासारखं वाटे, आणि लग्नाला वर्षही झालं नसताना परक्या देशात ओरडायला सुरुवात करणं काही बरं नव्हे. मग शैलजाकाकूच तिला खिडकीतून बघत आणि घरात वळून जी हाक मारत, ती हॉर्नपेक्षा चांगली चार घरं पलीकडे जाई.

"अहो, पोर आलीय! टाय सापडत नसेल तर तसेच जा. तिथे कोण बघतंय तुमच्याकडे!"

विनयकाका टाय बांधूनच बाहेर पडत. डॉक्टर विनय खांबेटे मूळचे नागपूरचे. तरुणपणी भूलतज्ज्ञ म्हणून इकडे अमेरिकेत आले आणि अर्ध्या वूस्टरला झोपवून पुन्हा नीट उठवून मग निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायपास झाली, तेव्हापासून काकूंनी त्यांच्या गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. काकू स्वतः गाडी चालवत, पण नवऱ्याला गाण्याला नेऊन सोडण्यावर त्यांचा तात्त्विक आक्षेप होता. आता गाडी चालवता येते, व्हिसामुळे नोकरी करता येत नाही आणि नाही म्हणता तर मुळीच येत नाही, अशी मुलगी त्यांच्या सबंध श्रूजबरी गावात नेत्राखेरीज दुसरी नव्हती. सांगलीला फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेली नेत्रा अशा रीतीने काकांची ड्रायव्हर झाली.

"बार्बरशॉप म्हणतात त्याला," काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "न्हाव्याच्या दुकानातलं गाणं. पस्तीस वर्षं जातायत. डोक्यावर केस राहिला नाही, गाणं चालूच."

त्या एप्रिलमध्ये एका गुरुवारी मात्र काकू गाडीपाशी आल्या. काका बुटाची नाडी बांधत पायरीवर बसले होते. काकूंनी खिडकीत वाकून आवाज उतरवला.

"नेत्रा, एक सांगू? त्यांच्या गाण्याच्या चौकडीतले तिघं वर्षाच्या आत गेले. गस उन्हाळ्यात, अर्नी थँक्सगिव्हिंगला, आणि वॉल्ट जानेवारीत. उरले हे एकटे."

"हो काकू. काका बोलले होते."

"बोलले ना? रडले का?"

नेत्राला आठवेना. "नाही. हसतच सांगत होते."

"तेच तर. जिवाभावाची माणसं गेली की माणूस रडतो, गप्प होतो. हे तिथून शीळ घालत येतात. दर गुरुवारी थोडे जास्तच खुशीत. मला ती खुशी काही बरी दिसत नाही बाई." त्यांनी खिडकीच्या काचेवर दोन बोटं टेकवली. "नेतेस तसे परत आण. बाकी काही मागत नाही."

२

चर्चच्या तळघरात लिनोलियमची जमीन, कॉफीचं मोठं भांडं, डोनटचा खोका आणि तीन पायऱ्यांचा लाकडी मंच. त्यावर उभे राहणारे सगळेच निवृत्त. प्लंबर, शाळामास्तर, एक जज, एक पोस्टमन. न्हावी एकही नाही, आणि खरं म्हणजे न्हाव्याची गरजही फारशी कुणाला उरलेली नाही.

गाण्याचा प्रकार असा, की वाद्य काही नाही, नुसते चार आवाज. लीडवाला मुख्य चाल गातो. टेनर त्याच्या वर तरंगतो. बेस खाली जमीन धरतो. "आणि बॅरिटोनला काय, तर उरलेले सूर," काका म्हणत. "पंगत उठल्यावर जेवणाऱ्या सुनेसारखं." काका बेस. त्यांना तिथे विनी म्हणत.

कुणी सभासद गेला की त्याची मंचावरची जागा मे महिन्यातल्या आठवणींच्या रविवारपर्यंत रिकामी ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या रविवारी नावं घ्यायची, किस्से सांगायचे, गायचं, आणि मग सरकून उभं राहायचं. काकांची चौकडी मधल्या पायरीवर शेजारी शेजारी उभी राही. त्यामुळे त्या वसंतात काका तीन रिकाम्या जागांच्या कडेला असे उभे असत, की दात पडून गेलेल्या हिरडीवर शेवटची दाढच जणू.

नेत्रा भिंतीशी घडीच्या खुर्चीवर मासिक घेऊन बसे. पहिल्या दिवशी तिने मासिक उघडलं, आणि चार आवाज असे काही एकमेकांत बसले, की वर, छताच्या जरा खाली, पाचवाच एक सूर वाजायला लागला. तो कुणीच गात नव्हतं. तिने मासिक मिटलं. तंबोरा जुळला की असाच, कुणी न छेडलेला गंधार त्यातून आपसूक उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सांगलीला गाण्याच्या बाईंनी तो ऐकू यायला तिला तीन महिने बसवलं होतं. आणि फिजिक्सच्या वर्गात त्याचंच गणित फळ्यावर होतं.

"ऐकलंस?" संचालक लॅरीने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "ऐकलंस ना? विनी, तुझ्या ड्रायव्हरला कान आहेत!"

या देशात आल्यापासून तिला आधीच माहीत असलेली अशी पहिलीच गोष्ट भेटली होती. तिला त्या तळघराबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला.

काकूंनी खिडकीत बोटं टेकवली त्या दिवशीचीच गोष्ट. गाण्याचा शेवटचा लांब सूर. लॅरीने मूठ वर धरली की ती उघडेपर्यंत आवाज तुटता कामा नये. त्यासाठी त्यांची एक रीत होती. प्रत्येकाने शेजाऱ्याचा श्वास ऐकायचा आणि त्याचा झाला की मग आपला घ्यायचा. आळीपाळीने. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे एकाच न संपणाऱ्या दमात गातायत. छताखाली तो पाचवा सूर स्वच्छ वाजत होता. नेत्रा मान वर करून ऐकत होती.

तेवढ्यात तो सूर थांबला, बारीक शिट्टीसारखा आवाज करत त्याने श्वास घेतला, आणि तो पुन्हा सुरू झाला.

नेत्राने आजूबाजूला पाहिलं. कॉफीचं भांडं? ते बंद होतं. कुणीतरी श्वास घेतला असेल, त्यात काय, ते तर घेतच असतात. पण खालच्या एकाने श्वास घेतला म्हणून वरचा गंधार तुटत नाही, आणि गंधाराला स्वतःची फुप्फुसं नसतात. फळ्यावरच्या गणितात तरी नव्हती.

तिची नजर काकांवर गेली. ते गाता गाता मान किंचित रिकाम्या जागेकडे कलवून होते. शिट्टी वाजून गेल्यावर, शहाण्या शेजाऱ्यासारखा, त्यांनी आपला श्वास घेतला.

३

"शिट्टी?" परतीच्या वाटेवर काका सीटवर ताठ झाले. "बारीक? नाकातून आल्यासारखी?"

"हो. म्हणजे, हीटिंगच्या पाइपातून वगैरे असेल काका."

"वॉल्ट!" काकांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "कॉलेजात हॉकी खेळताना नाक मोडून घेतलं होतं त्याने. पस्तीस वर्षं माझ्या कानाशी ती शिट्टी. मी त्याला म्हणायचो, तुला एकदा टेबलावर घेऊ दे, भूल देतो आणि नाक सरळ करून घेतो. बेसबॉलमध्ये आपले रेड सॉक्स जिंकले की करू म्हणायचा. जिंकले लेकाचे, आणि हा गेला!"

"काका, पण ते वारले ना?"

"अगं हो. शवपेटीला हात होता माझा." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की शेजारी गावाला गेला होता, काल परत आलेला दिसतोय. मग ते खिडकीबाहेर बघत गुणगुणायला लागले. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. नेत्रा दोन्ही हातांनी चाक धरून होती.

"तुला टॅग माहीतेय का?" काकांनी मधेच विचारलं. "गाण्याची शेपटी. शेवटच्या चार ओळी. पूर्ण गाणं गायला वेळ नसतो, कपडे नसतात, स्टेज नसतं. मग काय करायचं? पार्किंगमध्ये, जिन्यात, कुठेही चौघं जमले की शेपटी गायची आणि आपापल्या वाटेला लागायचं. आमच्यात लिहिलेला नाही असा एकच नियम. तिघं उभे असले आणि चौथा कमी असला, तर नाही म्हणायचं नाही. ओळख असो नसो. घाईत असा, आजारी असा. चौथा कमी आहे म्हटलं की जायचं."

"आणि दोघंच असले तर?"

"दोघांचं काही होत नाही. दोघांची नुसती भांडणं होतात. शैलाला विचार."

घरी आल्यावर तिने निमिषला सांगितलं. निमिष कंपनीतून येऊन सोफ्यावर लॅपटॉप घेऊन पसरला होता. तिचा नवरा सगळ्या गोष्टींना एखादा तरी पाइप जबाबदार असतो असं मानणारा होता.

"यार, जुनी बिल्डिंग आहे. पाइप शिट्टी मारतात. आपल्या बाथरूममधला मारत नाही?"

"मारतो. पण तो ताल बघून मारत नाही."

"तू फिजिक्सवाली ना गं?"

तिने मान हलवली आणि डाळ लावायला उठली. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली, तेव्हा ती अशी दचकली, की निमिषने लॅपटॉप बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिलं.

४

पुढच्या गुरुवारी मधल्या सुट्टीत ती कप विसळायला चर्चच्या स्वयंपाकघरात गेली. तिथून एक दार मागच्या सिमेंटच्या जिन्यात उघडतं. जिना खाली बॉयलरच्या खोलीकडे जातो. तो चांगला घुमतो, म्हणून टॅग गायची मंडळींची ती लाडकी जागा.

नळ बंद केला आणि तिला काकांचा आवाज ऐकू आला. खालचा, जाड, पायाखालच्या फरशीतून यावा तसा. दोन ओळी गाऊन थांबले. मग हसले. फोनवर समोरच्याने काही खुमासदार सांगितलं की हसतात, तसे. मग म्हणाले, "नो, नो, गस, फ्रॉम द टॉप," आणि पुन्हा तीच ओळ. शेवटच्या सुराच्या उंबरठ्यापर्यंत आले, आणि तिथेच थांबले.

तिने दार ढकललं. काका मधल्या वळणावर एकटेच उभे होते. उजवा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला पसरलेला. तिला बघून त्यांनी तो खाली घेतला. सावकाश, कुणाच्या तरी खांद्यावरून काढून घ्यावा तसा.

"प्रॅक्टिस," काका म्हणाले. चेहरा असा उजळलेला, की नेत्राला काकूंची बोटं आठवली.

"शेवटचा सूर सोडला तुम्ही."

"मुद्दाम. तो राखून ठेवलाय. आठवणींच्या रविवारी सगळी जमतील तेव्हा लावायचा." ते कठड्याला धरून वर आले. "शेवटचा सूर चौघांनी मिळून लावला की टॅग पूर्ण. मग काय, चला."

"कुठे?"

काकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की भौतिकशास्त्राच्या पदवीधराने हे विचारावं? "घरी," ते म्हणाले. कुणाच्या ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिलाही विचारवलं नाही.

त्यांना सोडून ती नेहमीसारखी दारातूनच परतली नाही. आत गेली. काका वर कपडे बदलायला गेले तेवढ्यात तिने स्वयंपाकघरात काकूंना सगळं सांगितलं. शिट्टी, जिना, पसरलेला हात, राखून ठेवलेला सूर. सांगताना आपलंच आपल्याला हसू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. काकूंनाही आलं नाही. त्या पोळी लाटत राहिल्या.

"बायपास झाली ना, तेव्हा हे उठेचनात," त्या म्हणाल्या. "सर्जन हाका मारतोय, नर्स हाका मारतेय, डॉक्टर कॅम्बेट, डॉक्टर कॅम्बेट! पडलेत आपले हसऱ्या चेहऱ्याने. मग मला आत घेतलं. मी कानाशी गेले आणि म्हटलं, अहो, कोथिंबीर संपलीय. तर म्हणतात कसे, परवाच तर आणली होती." पोळी तव्यावर पडली. "तेव्हाच मला कळलं, हा माणूस घाबरून जाणाऱ्यांतला नाही. हसत हसत, कुणी बोलावलं म्हणून जाईल. भिडस्त आहे गं फार."

"मी पुढच्या गुरुवारी येत नाही म्हणू का? गाडी बिघडली म्हणून सांगते."

"टॅक्सी करतील. नको." काकूंनी पोळी उलटली. "त्या रविवारी मी येते. पस्तीस वर्षांत पाऊल ठेवलं नाही त्या तळघरात. मला कुठला सूर नि कुठला ताल. आरतीलासुद्धा मी नुसत्या टाळ्याच वाजवते. पण येते."

५

आठवणींच्या रविवारी तळघरात ऊन आलं होतं. जमिनीच्या वर असलेल्या छोट्या खिडक्यांतून डँडेलियनची पिवळी फुलं दिसत होती. लांब टेबलावर हॅम, थरथरणारी हिरवी जेली, बटाट्याचं सॅलड, आणि मधोमध काकूंचा पातळ पोह्यांचा चिवडा. तो माजी जजसाहेब मूठमूठ घेऊन खात होते आणि प्रत्येक घासाला पाणी पीत होते. निमिषला नेत्राने ओढून आणलं होतं. तो एका खांबाला टेकून हा कार्यक्रम किती वेळ चालतो याचा अंदाज घेत होता.

लॅरी उभा राहिला आणि नावं घ्यायला लागला. शोकसभा म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. प्रत्येक नावामागे एक किस्सा. गस एका लग्नात चुकीच्या हॉलमध्ये जाऊन अख्खं गाणं म्हणून, केक खाऊन आला होता. अर्नीची पँट ऐन स्पर्धेत सुटली, तर त्याने सूर सोडला नाही, पँट सोडली. वॉल्टच्या बायकोने सांगितलं, तो झोपेतसुद्धा बॅरिटोन घोरायचा आणि ती बिचारी वाट बघायची, लीड कुणीतरी घोरेल म्हणून. सगळे डोळे पुसून पुसून हसत होते. निमिषसुद्धा खांब सोडून पुढे आला.

मग हसणं ओसरलं. लोक गप्प झाले, चष्मे पुसायला लागले. आणि सगळे गप्प झाल्यावरही मंचाच्या मधल्या पायरीच्या आसपास थोडं हसणं शिल्लक होतं. दमलेलं, समाधानी, तीन जणांचं असावं एवढं. मग तेही थांबलं.

नेत्राने निमिषकडे पाहिलं. तो छताकडे बघत पाइप शोधत होता. छताला पाइप नव्हता.

गाणं झालं. मग लॅरीने सांगितल्यावर सगळे सरकले आणि मंचावरच्या मोकळ्या जागा बुजल्या. टाळ्या झाल्या. लोक हॅमकडे वळले. नेत्रा जेलीकडे संशयाने बघत होती, तेवढ्यात काकू तिच्या कोपराला लागून उभ्या राहिल्या. एका हातात चिवड्याचा डबा, दुसऱ्या हातात नवऱ्याचा कोट.

"कोट माझ्या हातात देऊन गेले," काकू म्हणाल्या. "आलोच म्हणाले."

६

निमिषला घेऊन तिघं स्वयंपाकघरात धावली. जिन्याच्या दाराला जाळी घातलेली काचेची चौकोनी पट्टी होती. दार उघडायच्या आधीच गाणं ऐकू आलं. तीच शेपटी. वरचा आवाज होता, मधला होता, उरलेल्या सुरांचा होता. तीन आवाज, आणि त्यांच्याखाली काकांचा.

"टेप लावलाय का कुणी?" निमिष हळूच म्हणाला.

नेत्राने काचेला डोळे लावले. काका वळणावर पाठमोरे उभे होते. नुसत्या पांढऱ्या शर्टात, पँटचे खांद्यावरचे पट्टे लावून. एक हात बाजूला पसरलेला. आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर शर्ट दबलेला होता. चार ठिकाणी, शेजारी शेजारी, बोटांएवढ्या चार घड्या आत गेलेल्या. गाण्याच्या ठेक्यावर त्या घड्या कमीजास्त होत होत्या, एखादा दोस्त खांदा दाबतो तशा. घड्यांवर काहीच नव्हतं.

ती काचेपासून मागे झाली. आत जाऊन ओढून आणावं? पण ओढून आणलेला माणूस पुढच्या गुरुवारी टॅक्सी करून येईल. भिडस्त आहे फार. तिघांनी बोलावलं तर नाही म्हणता येत नाही त्याला. शेपटी शेवटच्या ओळीवर आली होती.

तिघांनी बोलावलं तर.

तिने काकूंचा हात धरला, दुसऱ्या हाताने निमिषची बाही पकडली, आणि खांद्याने दार ढकललं.

"काका!" जिना घुमला. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं निमिषला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. "काका, आम्ही तिघं आहोत. चौथा कमी आहे!"

काका वळले. चेहऱ्यावर तोच उजेड होता, पण त्यात गोंधळ शिरला. एकाच वेळी दोन घरची आमंत्रणं आल्यावर होतो तसा. त्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा वर. खालचे आवाज शेवटच्या सुराच्या आधी थांबले होते. थांबले होते म्हणजे वाट बघत होते. आणि तिथे थांबणाऱ्यांना घाई नसते, हे नेत्राला कुणी न सांगता कळलं.

तिने लीडची ओळ उचलली. इतके गुरुवार भिंतीशी बसून ऐकलेली, पहिल्यापासून. निमिषला सूर कळत नाही, पण बायकोचा चेहरा कळतो. त्याने डोळे मिटून घेतले आणि एकच एक "आ" लावून धरला. काकूंनी तोंड उघडलं.

काकांचं तोंड वेडंवाकडं झालं. "निमिष, अरे वर घे, वर घे जरा," ते पुटपुटले, आणि सवयीने एक पायरी चढले. मग दुसरी. "शैला, तू पण?" आणखी एक. खांद्यावरच्या घड्या एकेक करून सुटल्या. शेवटची जरा वेळाने सुटली.

चौथ्या पायरीवर त्यांनी बेस लावला.

नेत्राच्या कानाशी कुणीतरी बारीक शिट्टी वाजवत श्वास घेतला, आणि मग तो शेवटचा सूर लागला. असा लागला, की जिन्याचा कठडा तिच्या हाताखाली थरथरायला लागला. वर, छताखाली, पाचवा सूर उमटला, आणि तो तुटला नाही. निमिषने डोळे उघडले. त्याच्या तोंडावर लहान मुलासारखं आश्चर्य होतं.

सूर विरला. जिन्यात काका होते, आणि वरती ती तिघं. खाली बॉयलर चालू झाला आणि साध्या, बिनकामाच्या आवाजात गुरगुरायला लागला.

"हां," काका घाम पुसत म्हणाले. "आता भूक लागली."

७

परत जाताना निमिष गाडी चालवत होता. काका त्याच्या शेजारी, नेत्रा आणि काकू मागे. रविवारची दुपार, लोक आपापल्या अंगणात गवत कापत होते. काकांनी खिडकी खाली केली होती आणि त्यांना गवताच्या वासाचं अप्रूप वाटत होतं.

"शैला, मला पिठलं पाहिजे. मिरचीचं. त्या जेलीने तोंड खराब झालं."

"डॉक्टर आहात ना? मिरची?"

"निवृत्त." ते मागे वळले. चेहऱ्यावरची ती खुशी गेली होती. त्या जागी थकलेल्या, म्हाताऱ्या, कुणाला तरी पोचवून आलेल्या माणसाचा चेहरा होता, आणि डोळे ओले होते. काकूंनी ते बघितलं आणि खूप दिवसांनी मोठा श्वास सोडला. "पण एक मानलं हं शैला तुला. बॅरिटोन सगळ्यात अवघड. आणि काय नेमका लावलास! पस्तीस वर्षं लपवून ठेवलंस?"

"कुणी? मी?" काकू म्हणाल्या. "अहो, मी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आवाज कुठला फुटायला!"

"मग तो निमिष असणार."

"काका, मी तर एकच लावून बसलो होतो," निमिष म्हणाला. "तुम्हीच तर म्हणालात वर घे."

काका समोर बघत बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजत होते. लीड, बेस, निमिषचं ते काय असेल ते. मग त्यांचा हात थांबला.

"चौथा कमी आहे म्हणालीस ना तू," ते हळूच म्हणाले. "मोठ्याने. जिन्यात. वॉल्टलाही ऐकू गेलं असणार. तो कधी नाही म्हणायचा नाही." आणि मग, गणित सुटल्यासारखे, "म्हणजे आता खाली दोघंच राहिले. बरं झालं. दोघांचं काही होत नाही."

"आणि तिसरा?" काकूंनी विचारलं.

नेत्राने काकूंकडे बघायला मान वळवली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की काकू त्यांच्या बाजूच्या दाराला पार चिकटून बसल्या आहेत, आणि ती आपल्या. चर्चपासून इथपर्यंत दोघी अशाच आल्या होत्या. मधे एका माणसापुरती जागा होती. चांगल्या दांडग्या, हॉकी खेळलेल्या माणसापुरती. वळणावर गाडी कलली, तरी दोघींपैकी कुणीही त्या जागेत घसरलं नाही.

काकूंनीही ती जागा पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पदर सावरला, मांडीवरच्या डब्याचं झाकण काढलं, आणि परक्या घरच्या पाहुण्यापुढे धरतात तसा चिवड्याचा डबा अदबीने मधे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तिखट आहे थोडा."

निमिषने आरशातून मागे पाहिलं, आणि लगेच पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.